खिशातले दफ्तर : जावा, वेब आणि हळदीचा हिशेब

आमचे मामू हळद शिजवून देण्याचे काम करतात. फेब्रुवारीनंतर वसमत तालुक्यातल्या कुठल्याही गावात गेलात तर शेताच्या कडेला वाफ सोडणारा कुकर, त्याच्या शेजारी ओल्या हळदीचा ढीग आणि पलीकडे वाळत घातलेल्या हळकुंडांनी पिवळे झालेले रान दिसते. मामू ट्रॅक्टरमागे कुकर जोडून गावोगाव फिरतात. कुणाचे किती ड्रम शिजले, किती पोती पॉलिश झाली, उचल किती, बाकी किती, हा सगळा हिशेब त्यांच्या सदऱ्याच्या खिशातल्या वहीत असतो. मामू उर्दू शाळेत शिकले, म्हणून वही उर्दूत आहे. ज्यांची हळद शिजते ते बहुतेक शेतकरी मराठी वाचणारे. वहीतले त्यांना काही कळत नाही. ते मामूंच्या शब्दावर चालतात.

2012 च्या हंगामात मामू मला म्हणाले, “भांजे, तू कंप्यूटर पढ्या ना? मेरा ये हिसाब मोबाइल में डाल दे. मेरे कू उर्दू में दिखना, पाटील कू मराठी में.”

मी तेव्हा नुकताच जावा शिकून बाहेर पडलो होतो. वेबवर चालणारी हिशेबाची दोन-तीन कामे केली होती. मला वाटले, आठ दिवसांचे काम आहे. प्रत्यक्षात त्याला दहा वर्षे लागली. उशीर का झाला, याचा शोध घेताना एका यंत्रभाषेचा इतिहास वाचावा लागला. तो इतिहास आपल्या भागातल्या दप्तरांच्या इतिहासापासून फार लांब नाही असे मला वाटते, म्हणून हा लेख.

दफ्तर कुणाला वाचता येते?

दफ्तर हा शब्द फारसीतून मराठीत आला. तालुका, जिल्हा, वसूल, नक्कल, अर्ज हे शब्दही अरबी-फारसीचे बोट धरून आले आणि कायमचे मराठी झाले. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. 1948 पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचा कारभार 1884 पर्यंत फारसीत चाले, त्यानंतर तो उर्दूत आला. शेतकरी मराठी बोलणारा आणि त्याच्या जमिनीचा कागद उर्दूत, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती.

पोलीस कारवाईनंतर कारभाराची भाषा बदलली. 1954-55 चे खासरा पाहणी पत्रक मराठवाड्यात आजही जमिनीच्या वादात काढून पाहतात. जुने उर्दू कागद मात्र लोकांच्या ट्रंकेत राहिले. माझे नाना म्हातारे झाले तरी त्यांच्याकडे लोक असे कागद घेऊन येत. कुणाची वाटणी, कुणाचे खरेदीखत. नाना वाचून दाखवत, समोरचा मान डोलावत असे. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली तेव्हा निजामकालीन उर्दू कागद वाचणाऱ्यांची पुन्हा गरज पडली. कागद होते, पण वाचणारे थोडे उरले होते.

नोंद असणे आणि ती ज्याची आहे त्याला वापरता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मामूंची वही बरोबर होती, पण पाटलांना ती वाचता येत नव्हती. आता यंत्राकडे येऊ.

हातासाठी जन्मलेली भाषा

जावा म्हटले की बँका, मोठ्या कंपन्या, सरकारी पोर्टल असे चित्र डोळ्यांपुढे येते. पण ही भाषा जन्मली ती हातात धरण्याच्या यंत्रासाठी. 1991 मध्ये अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत जेम्स गॉसलिंग, माइक शेरिडन आणि पॅट्रिक नॉटन यांच्या चमूने ‘ग्रीन प्रोजेक्ट’ सुरू केला. 1992 मध्ये त्यांनी ‘स्टार सेव्हन’ नावाचे यंत्र दाखवले. ते हातात मावत होते आणि त्याचा पडदा बोटाने चालत होता. त्यासाठी गॉसलिंग यांनी लिहिलेल्या भाषेचे नाव ‘ओक’ होते. यंत्र बाजारात आले नाही. भाषा मात्र राहिली आणि 1995 मध्ये ‘जावा’ या नावाने जगापुढे आली.

तिच्यात आपल्या कामाच्या दोन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे एकदा लिहिलेला कार्यक्रम कुठल्याही यंत्रावर चालवण्याचा दावा. जावाचा कार्यक्रम थेट यंत्राच्या भाषेत जात नाही, मधल्या एका भाषेत जातो. तिला बाइटकोड म्हणतात. प्रत्येक यंत्रावर ती वाचणारा एक दुभाषी बसवलेला असतो. दुसरी गोष्ट म्हणजे अक्षरे. जावाने पहिल्या दिवसापासून युनिकोड धरले, त्यामुळे तिच्या पोटात मराठी आणि उर्दू दोन्ही राहू शकत होत्या. ती अक्षरे पडद्यावर काढून दाखवणे हे वेगळे काम, आणि ते बराच काळ झालेच नाही.

जावा दफ्तरात जाते

1995 नंतर सगळ्यांचे डोळे इंटरनेटवर होते. हातातले यंत्र बाजूला पडले आणि जावा सर्व्हरवर जाऊन बसली. 1997 च्या सुमारास ‘सर्व्हलेट’ आले. ब्राउझरने काही मागितले की सर्व्हरवरचा जावा कार्यक्रम उत्तर तयार करून देतो, ही सर्व्हलेटची रीत. सनने आपला सर्व्हर 1999 मध्ये अपाची संस्थेला दिला, तोच ‘टॉमकॅट’. 2000 मध्ये क्रेग मॅक्लॅनहन यांनी ‘स्ट्रट्स’ आणले आणि 2004 मध्ये ‘स्प्रिंग’ची पहिली आवृत्ती आली. यांना फ्रेमवर्क म्हणतात.

फ्रेमवर्क म्हणजे काय, हे तहसील कचेरीवरून लवकर कळेल. खिडकीवर अर्ज येतो. तो कुठल्या टेबलावर जायचा, कुणी तपासायचा, कुठल्या कपाटातून कागद काढायचा, नक्कल कुठल्या नमुन्यात द्यायची, हे सगळे आधीच ठरलेले असते. नवा कारकून आला तरी रीत तीच राहते. वेब फ्रेमवर्क ही कार्यक्रमाची अशीच ठरलेली रीत आहे. ब्राउझर म्हणजे खिडकी आणि सर्व्हर म्हणजे कचेरी. दफ्तर कचेरीत, आणि मागणारा खिडकीबाहेर रांगेत.

या रचनेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे खिडकीपर्यंतचा रस्ता नेहमी उघडा असणार. मुंबई-पुण्यात ते बहुतेक वेळा खरे होते. आमच्याकडे ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा माणूस सापडणार नाही. एका कचेरीत मी स्वतः तीन दिवस एका उताऱ्यासाठी उभा राहिलो आहे. उतारा कुठेतरी व्यवस्थित होता, पण तो कुठेतरी आणि मी यांच्यामधली तार तुटलेली होती.

के म्हणजे किलोबाइट

जावाचा एक फाटा मात्र फोनकडे परतला. 1999 मध्ये सनने लहान यंत्रांसाठी वेगळी जावा जाहीर केली. लोक तिला ‘जे-टू-एम-ई’ म्हणत. तिच्या दुभाष्याचे नाव ‘केव्हीएम’. त्यातला के किलोबाइटचा, कारण सगळा कारभार मेगाबाइटमध्ये नाही तर काही शे किलोबाइटमध्ये करायचा होता. किमान अपेक्षा 160 किलोबाइटची होती. 2000 मध्ये फोनसाठीचा पहिला नमुना ठरला आणि पुढच्या काही वर्षांत कोट्यवधी साध्या फोनवर कॉफीच्या कपाचे चिन्ह आले. ज्यांनी नोकियाचे बटनांचे फोन वापरले त्यांना ते आठवत असेल. दुकानात वीस रुपये देऊन गेम टाकून घेत असू, तोच हा जावा.

मला कॉलेजात कोडे पडले होते ते इथेच. वर्गात जावा, खिशातही जावा. मग वर्गात केलेले स्ट्रट्सचे काम खिशातल्या फोनवर का चालत नाही?

याचे कारण म्हणजे नाव एक असले तरी संसार वेगळे होते. मोठी फ्रेमवर्क आपली रीत कागदावरून वाचून चालवतात. म्हणजे कार्यक्रम सुरू झाल्यावर एखाद्या घटकाचे नाव फाइलमधून वाचायचे, तो घटक उघडून त्यात काय आहे ते तपासायचे आणि कामाला लावायचे. याला ‘रिफ्लेक्शन’ म्हणतात. फोनच्या जावातून मेमरी वाचवण्यासाठी ही सोय काढून टाकली होती. पहिल्या आवृत्तीत तर दशांश अपूर्णांकही नव्हते. साडेतीन क्विंटल लिहायचे तर 350 किलो करूनच लिहावे लागले असते. अशा घरात अख्खी तहसील कचेरी मावणार नव्हती.

तेव्हा उलटा मार्ग निघाला. नॉर्वेच्या ऑपेरा कंपनीने 2005 मध्ये ‘ऑपेरा मिनी’ तयार केले आणि जानेवारी 2006 मध्ये ते जगभर खुले केले. फोनवर फक्त एक छोटा जावा कार्यक्रम ठेवायचा. पान उघडण्याचे, मांडण्याचे, दाबून लहान करण्याचे सगळे काम ऑपेराच्या सर्व्हरवर होई आणि फोनवर तयार पान येई. स्वस्त फोनवर महागडे इंटरनेट परवडू लागले ते यामुळे.

आमच्यासाठी त्यात आणखी एक चावी होती. पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा कोलन कॉन्फिग’ टाइप केले की एक पान उघडे. त्यात अवघड लिप्यांसाठी चित्रअक्षरे वापरण्याचा पर्याय होता. तो ‘होय’ केला की सर्व्हर अक्षरांचे चित्र करून पाठवत असे आणि चौकोनांच्या जागी मराठी दिसू लागे. ही चावी एकाने दुसऱ्याला सांगितली आणि अशी ती गावोगाव पोचली. माझ्या फोनवर मराठी बातमी पहिल्यांदा अशीच उमटली. फोनला मराठी येत नव्हते, परदेशातले एक यंत्र त्याच्यासाठी मराठी काढून देत होते. म्हणजे एका अर्थाने तेच काम, जे आमचे नाना कागद वाचून करत. फरक एवढाच की नाना ओसरीवर सापडत. रेंज गेली की हा वाचक जात असे.

वेबचा अर्ज फोनमध्ये राहायला येतो

याच काळात दुसरीकडे एक शांत प्रयोग चालला होता, आणि माझ्या मते या इतिहासातला तो सगळ्यात मोलाचा आहे. वेबवर अर्ज कसे भरून घ्यावेत यासाठी 2003 मध्ये ‘एक्सफॉर्म्स’ नावाचा नमुना ठरला. कुठला प्रश्न कुठल्या उत्तरानंतर विचारायचा, कुठले उत्तर चुकीचे, बेरीज कशी करायची, हे सगळे त्या अर्जातच लिहिलेले. ब्राउझर बनवणाऱ्यांनी हा नमुना मनावर घेतला नाही. पण आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या काही तंत्रज्ञांनी तो उचलला आणि साध्या जावा फोनवर चालवला. त्या इंजिनाचे नाव ‘जावारोझा’.

वेबवर जे काम सर्व्हर करी ते आता आरोग्यसेविकेच्या हातातल्या फोनमध्ये होऊ लागले. अर्ज फोनमध्येच, तपासणी फोनमध्येच. भरलेली माहिती तिथेच थांबे आणि रेंज आली की पुढे जाई. यावर अमेरिकेच्या डिमागी कंपनीने ‘कॉमकेअर’ उभे केले. 2008 मध्ये सुरू झालेल्या ‘ओपन डेटा किट’ने तेच जावारोझा अँड्रॉइडवर नेले. आज एखादी संस्था मोबाईल घेऊन गावात सर्वेक्षणाला येते तेव्हा अनेकदा त्या मोबाईलच्या पोटात हेच इंजिन असते. भारत सरकारने अंगणवाड्यांसाठी आणलेली ‘आयसीडीएस-कॅस’ ही प्रणालीही कॉमकेअरवरच बेतलेली होती.

या लोकांनी खेड्याला अडाणी समजून सोपे यंत्र दिले नाही. त्यांनी फक्त मान्य केले की तार तुटते. तार तुटणार हे धरूनच रचना केली, म्हणून ती टिकली.

मासेमारीचे गाव आणि माझा पराभव

2007 च्या नोव्हेंबरमध्ये गुगलने अँड्रॉइड जाहीर केले, पुढच्या वर्षी पहिला फोन आला. त्यावरचे कार्यक्रम जावा भाषेत लिहायचे होते. मला वाटले, दोन्ही जावांची आता दिलजमाई झाली. ती झाली नव्हती. अँड्रॉइडने भाषा जावाची घेतली, दुभाषी स्वतःचा बसवला. डॅन बॉर्नस्टीन यांनी तो लिहिला आणि आइसलँडमधल्या एका मासेमारीच्या गावावरून त्याचे नाव ‘डॅल्विक’ ठेवले. हा दुभाषी जावाचा बाइटकोड वाचत नाही. तो आधी संगणकावर ‘डेक्स’ नावाच्या वेगळ्या रूपात बदलून द्यावा लागतो.

अँड्रॉइडने जावाच्या ग्रंथालयाची मांडणी उचलली, त्यावरून खटलाही झाला. सन विकत घेणाऱ्या ओरॅकलने 2010 मध्ये गुगलवर दावा लावला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 एप्रिल 2021 रोजी सहा विरुद्ध दोन मतांनी गुगलचा वापर रास्त ठरवला. सुमारे 11,500 ओळींसाठी अकरा वर्षे भांडण चालले. आमच्याकडे बांधाच्या वादाला तेवढी लागतात, तेव्हा यात नवल वाटू नये.

फोनमध्येच वेबसर्व्हर चालवण्याची कल्पना तोवर नवी राहिली नव्हती. नोकियाच्या संशोधकांनी 2006 मध्ये अपाची सर्व्हर सिम्बियन फोनवर चालवून दाखवला होता. अँड्रॉइड आल्यावर ग्रेग विल्किन्स यांच्या ‘जेटी’ या जावा सर्व्हरची ‘आय-जेटी’ नावाची आवृत्ती आली. मामूंनी 2012 मध्ये काम सांगितले तेव्हा मी तीच घेतली. माझा विचार सरळ होता. कुकर चालतो त्या शिवारात रेंज नाही, तर सर्व्हर मामूंच्या खिशातच ठेवू.

जेटी सुरू झाले. माझी पाने चालली नाहीत. मी ती ‘जेएसपी’ पद्धतीने लिहिली होती. त्यात पान पहिल्यांदा मागितले की सर्व्हर त्याच वेळी त्याचा जावा कार्यक्रम करतो, त्याचा बाइटकोड तयार करतो आणि चालवतो. डॅल्विकला तो बाइटकोड वाचताच येत नव्हता. स्प्रिंग आणि डेटाबेसची मोठी साधने चालता चालता नवे घटक तयार करतात, तीही तिथेच अडली. जावाच्या मूळ ग्रंथालयातले काही विभाग अँड्रॉइडवर नव्हतेच. एका कार्यक्रमात 65,536 पेक्षा जास्त कृती मावत नव्हत्या, आणि मोठ्या फ्रेमवर्कला ती मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. सगळे टाकून अगदी साधे सर्व्हलेट लिहिले, ते चालले. पण त्या स्वस्त फोनवर मराठीच्या जागी चौकोन आणि उर्दूची अक्षरे सुटी सुटी. मामूंनी पडदा पाहिला आणि म्हणाले, “रैन दे भांजे, मेरी वही अच्छी है.”

दहा वर्षांनंतर

तो विषय मी सोडला होता. 2022 मध्ये पुन्हा हातात आला, कारण तोवर तीन गोष्टी बदलल्या होत्या.

‘टर्मक्स’ नावाच्या ॲपमुळे साध्या अँड्रॉइड फोनवर लिनक्ससारखे वातावरण मिळते आणि 2021 पासून त्यात पूर्ण ओपन-जेडीके मिळू लागले. म्हणजे सर्व्हरवरचा खरा दुभाषी खिशात आला. दुसरे, 2014 मध्ये आलेल्या ‘स्प्रिंग बूट’मुळे सर्व्हर वेगळा बसवावा लागत नाही. कचेरी, टेबले, कपाटे सगळे एकाच फाइलमध्ये बांधून मिळते. तिसरे, अक्षरांचा प्रश्न सुटला होता. फोन मराठी नीट दाखवू लागले होते आणि 2014 मध्ये गुगलने नस्तालीक वळणाचा मोफत उर्दू फॉन्टही दिला होता.

घरात पडून असलेला तीन जीबीचा जुना फोन घेतला. डेटाबेस पूर्ण जावातच लिहिलेला ‘एच-टू’ निवडला, म्हणजे यंत्रागणिक वेगळे काही जोडावे लागू नये. कार्यक्रम सुरू व्हायला जवळपास एक मिनिट लागे, पण एकदा सुरू झाला की चालत असे. फोनचा हॉटस्पॉट चालू करायचा, इंटरनेट नसले तरी हरकत नाही. शेतकऱ्याने आपला फोन त्याला जोडायचा, ब्राउझरमध्ये 192.168.43.1:8080 टाकायचे, आणि त्याच्या हिशेबाचे पान उघडते. जावात एकाच पानाची दोन भाषांतली वाक्ये वेगळ्या फाइलींत ठेवण्याची सोय फार पूर्वीपासून आहे. मामूंच्या पडद्यावर उजवीकडून डावीकडे नस्तालीक, शेतकऱ्याच्या पडद्यावर मराठी. नोंद एकच. फॉन्टसुद्धा त्याच फोनमधून येत असल्याने बाहेरच्या कुणाकडे काही मागायचे नाही.

एक खोड मात्र होती. अँड्रॉइडला मागे चालणारे काम आवडत नाही. बॅटरी वाचवायला तो ते गुपचूप बंद करतो. टर्मक्सला जागे ठेवण्याची परवानगी आणि बॅटरीची सवलत द्यावी लागली. तरी दिवसातून एकदा-दोनदा कार्यक्रम पडायचा आणि मामूंचा फोन यायचा, “तेरा सर्वर डौन हो गया!” हे वाक्य मला ऐकावे लागेल असे वाटले नव्हते.

पहिला हंगाम बरा गेला. शेतकरी आपले पान उघडत, स्क्रीनशॉट काढून ठेवत. मामूंची वहीही चालूच होती. मी दोनदा म्हणालो, आता वही बंद करा. त्यांनी ऐकले नाही.

कुकरचे पाणी

2023 च्या हंगामात तो फोन कुकरच्या गरम पाण्याच्या टाकीत पडला. नक्कल मी आठवड्यातून एकदा घरच्या संगणकावर घेत असे. शेवटच्या नकलेनंतरच्या तीन दिवसांच्या नोंदी गेल्या.

त्याच तीन दिवसांत एका घरचे काम झाले होते. पैसे देताना त्या घरातले थोरले म्हणाले, नऊ ड्रम झाले. मामू म्हणाले, बारा. भांडण नव्हते. तो माणूस खोटे बोलणाराही नव्हता, काम चालू असताना तो दीड दिवस नांदेडला होता. मामूंनी वही काढली आणि बोट ठेवले. त्यावर ते शांतपणे म्हणाले, “भाईजान, वही तुमची, लिपी तुमची. त्यात मला काय कळणार?”

मामू गप्प झाले. वीस वर्षांच्या ओळखीत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकले होते. तीन ड्रमांचे पैसे फार नसतात, मामूंनी ते सोडलेही असते. पण सोडले तर वही खोटी ठरत होती, आणि धरून ठेवले तर इतक्या वर्षांची ओळख तुटत होती.

मग त्या घरचा मुलगा म्हणाला, थांबा. त्याने मोबाईलमध्ये शोधून दोन स्क्रीनशॉट काढले. एकावर पाच ड्रम, दुसऱ्यावर सात, तारखेसह, मराठीत. थोरल्यांनी दोन्ही पाहिले, मनात बेरीज केली आणि पैसे मोजून दिले. वर चहाही झाला. परतताना मामू मला एवढेच म्हणाले, “वही मैंने सही लिख्या था. मगर बचाया उसके कागज ने.”

माझा इतक्या वर्षांचा समज त्या दिवशी बदलला. सर्व्हर लांब आहे हीच अडचण, तो खिशात आणला की काम झाले, असे मी धरून चाललो होतो. खिशातले दफ्तर पाण्यात पडते, हे मी लक्षात घेतले नव्हते. त्या दिवशी एतबार राखला तो दुसऱ्याच्या खिशात, त्याच्या लिपीत असलेल्या नकलेने. आता नोंद झाली की ती शेतकऱ्याच्या फोनवर उतरते, आणि रेंजमध्ये आल्यावर तिसरी प्रत घरच्या संगणकावर जाते.

मोठ्या दफ्तरांकडे पाहताना

राज्याच्या कारभारात हाच प्रश्न मोठ्या आकारात दिसतो. गाव नमुना बारावरची पिकांची नोंद पूर्वी तलाठी करत. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ आली आणि शेतकरी स्वतः शेतात उभा राहून फोटोसह नोंद करू लागला. रेंज नसेल तर नोंद फोनमध्ये थांबते, नंतर ‘अपलोड’ दाबून पाठवता येते. जावारोझाच्या लोकांनी साध्या फोनवर जे दाखवले होते तेच हे शहाणपण.

त्याच ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. आयसीडीएस-कॅसच्या जागी मार्च 2021 मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ आले होते. दोन जीबी रॅमचे फोन त्याला पुरत नाहीत आणि माहिती इंग्रजीत भरावी लागते, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. या बायकांना यंत्र नको होते असे नाही. काम त्यांच्या हातून व्हायचे, पण फोनची ताकद आणि पडद्याची भाषा मात्र दुसऱ्या कुणाच्या सोयीची होती. निजामाच्या काळात मराठी शेतकऱ्याच्या हातात उर्दू कागद होता. तो हा प्रसंग वाचून मला आठवला.

फोनवर जावाचा अख्खा सर्व्हर चालवणे हे हौशी लोकांचेच काम राहिले, आणि तसेच राहील. वेबचे पान रेंजशिवाय चालावे यासाठी आता ब्राउझरमध्येच सोयी आहेत आणि त्यांची भाषा जावास्क्रिप्ट आहे. आज कुणी मला मामूंचे काम नव्याने सांगितले तर मी बहुधा तेच वापरीन. पण साधन कुठलेही घेतले तरी मी आधी तीन गोष्टी विचारीन. तार तुटल्यावर हे चालेल का? समोरच्याला त्याच्या भाषेत वाचता येईल का? आणि त्याच्या हातात त्याची नक्कल राहील का?

या हंगामात मामूंकडे दुसरा फोन आहे, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दोरीने गळ्यात बांधलेला. वही अजून खिशात आहे. ती बंद करा, असे मी आता म्हणत नाही.